विकत घेतलेले वर्ष

वैद्यकीय प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेचा, म्हणजे नीटचा, निकाल लागला की लातूर, नांदेड, पुणे या शहरांच्या चौकाचौकांत दोन तऱ्हांचे फलक उभे राहतात. एका फलकावर यशस्वी मुलामुलींची छायाचित्रे असतात आणि त्यांच्यापेक्षा मोठ्या अक्षरांत खासगी शिकवणीचे नाव असते. दुसरा फलक बहुधा त्याच शिकवणीचा असतो. पण तो ज्यांना प्रवेश मिळाला नाही त्यांच्यासाठी. ‘रिपीटर बॅच’ कोणत्या तारखेला सुरू होणार, वसतिगृहाची सोय आहे की नाही, शुल्क किती हप्त्यांत भरता येईल, हे सारे त्यावर असते. पहिल्या फलकावरील किती चेहरे आदल्या वर्षी दुसऱ्या फलकाखालून आत शिरले होते, एवढा एकच तपशील दोन्ही फलकांवर नसतो.

एकदा नाकारले गेल्यावर पुन्हा अर्ज करणे हा आजच्या मध्यमवर्गीय नीतिशास्त्रातला मोठा सद्गुण ठरला आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून, सत्कार समारंभांतून, शिकवणीचालकांच्या भाषणांतून एकच कथा सांगितली जाते. मुलगा पहिल्यांदा हरला. परंतु खचला नाही. वर्षभर खोलीत कोंडून घेऊन त्याने अभ्यास केला आणि अखेर जिंकला. कथा खोटी नसते. मुलाचे कष्टही खोटे नसतात. खोटा असतो तो तिच्यातून काढलेला निष्कर्ष, की ज्याच्यापाशी जिद्द आहे त्याला दुसरी संधी आहे. त्या वर्षी मुलगा कोणाच्या पैशाने जेवला, खोलीचे भाडे कोणी भरले, आणि त्याने वर्षभर काहीही न कमावल्यामुळे घरातील कोणाची चूल अडली नाही, हे प्रश्न कथेत येत नाहीत. दुसरा प्रयत्न हा आजच्या व्यवस्थेत जिद्दीचा विषय राहिलेला नसून तो खरेदीचा विषय झालेला आहे. जे विकत घेतले जाते ते पुस्तक नव्हे, शिकवणीही नव्हे. विकत घेतले जाते ते एक संपूर्ण वर्ष.

या बाजाराचा पाया कसा घातला गेला हे समजण्यासाठी थोडे आकडे पाहणे भाग आहे. २०२४ साली नीटला तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. त्यांपैकी तेरा लाखांहून अधिक ‘पात्र’ ठरवले गेले. एमबीबीएसच्या जागा त्या वर्षी देशभरात एक लाख दहा हजारांच्या आसपास होत्या, आणि त्यांतल्या साधारण निम्म्याच शासकीय महाविद्यालयांत होत्या. म्हणजे एका जागेमागे बारा ‘पात्र’ उमेदवार. एवढ्यांना पात्र ठरवण्याचे प्रयोजन काय? खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा पन्नासाव्या शतमकावर आखलेली आहे. परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या वर जो आला तो पात्र. २०२५ साली ही रेषा ७२० पैकी १४४ गुणांवर उतरली. रेषा इतकी खाली ठेवली नसती तर खासगी व अभिमत महाविद्यालयांच्या लाखो रुपयांच्या जागांना गिऱ्हाईक मिळाले नसते. गुणवत्तेच्या नावाने सुरू झालेल्या परीक्षेने गुणवत्तेची चाळणी एवढी मोठ्या छिद्रांची ठेवली, याचा अर्थ गुणवत्तेचे पुजारी कधी सांगत नाहीत.

त्याचा परिणाम असा की शासकीय जागेची हद्द थोडक्यात चुकलेला गरीब मुलगा नाकारला जातो, आणि त्याच्याहून शंभर-दोनशे गुण कमी असलेला धनिकाचा मुलगा त्याच वर्षी पांढरा कोट अंगावर चढवतो. पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करण्याची पाळी येते ती पहिल्यावर. ‘रिपीटर’ हा शब्द आपल्याकडे कच्च्या, मागे पडलेल्या मुलासाठी वापरला जातो. वस्तुस्थिती अनेकदा उलट असते. जो पुढे होता पण ज्याच्यापाशी पैसे नव्हते, तो रिपीटर. आणि ज्याच्यापाशी जागा विकत घेण्याइतके तर नाहीतच, पण एक वर्ष विकत घेण्याइतकेही नाहीत, तो रिपीटरही होऊ शकत नाही. तो निमूटपणे जवळच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला नाव घालतो, आणि त्याची गणना कोणत्याच तक्त्यात होत नाही.

औसा किंवा अहमदपूर तालुक्यातील एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी डोळ्यांसमोर आणावी. ती मराठी माध्यमात शिकली, बारावीला उत्तम गुण मिळवले, नीटमध्ये शासकीय जागा थोडक्यात हुकली. निकालाच्या दिवसापर्यंत ती विद्यार्थिनी होती. बारावीपर्यंत एस.टी.चा प्रवास तिला मोफत होता. कारण ग्रामीण मुलींसाठी तशी शासनाची योजना आहे. वसतिगृहात ती राहत असेल तर खोली होती, मागासवर्गीय असेल तर शिष्यवृत्ती होती, ग्रंथालयाचे ओळखपत्र होते. पुन्हा परीक्षा देण्याचे तिने ठरवले त्या क्षणी यांतले सर्व काही संपते. शिष्यवृत्तीला मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातील प्रवेश लागतो. तो तिच्यापाशी नाही. शासकीय वसतिगृहाला महाविद्यालयाचे बोनाफाईड लागते, तेही नाही. सवलतीच्या पासासाठी पुन्हा तोच दाखला. ज्या वर्षी तिला आधाराची सर्वाधिक गरज असते, नेमके त्याच वर्षी शासनाच्या लेखी ती कोणीही नसते. शाळेतून सुटलेली, महाविद्यालयात न पोहोचलेली, नोकरीत नसलेली आणि बेकारांच्या नोंदीतही नसलेली अशी ही एक नवी जात शासनाच्या कागदांनी निर्माण केली आहे. तिच्याविषयी शासनाला एकच कुतूहल आहे. वर्षभरानंतर ती कोठेही प्रवेशाला गेली की तिच्याकडून शिक्षणात खंड का पडला याचे प्रतिज्ञापत्र मागितले जाते. विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘गॅप सर्टिफिकेट’. ज्या शासनाने त्या वर्षात तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, त्याच्यासमोर तिने शपथेवर सांगायचे की या काळात तिने दुसरीकडे कोठेही प्रवेश घेतला नव्हता!

मुलींच्या बाबतीत या वर्षाला आणखी एक किंमत आहे. नीटला बसणाऱ्यांत गेली काही वर्षे मुलींची संख्या मुलांहून अधिक आहे, ही अभिमानाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, व तशी ती आहेही. परंतु मुलाचे रिकामे वर्ष म्हणजे ‘तयारी’ आणि मुलीचे रिकामे वर्ष म्हणजे स्थळ पाहण्याची वेळ, हा हिशेब गावोगाव आजही चालतो. ‘या वर्षी जमलं तर जमलं’ हे वाक्य ज्या घरात उच्चारले जाते, त्या घरातल्या मुलीला जिद्दीचे धडे देणारे व्याख्याते कोणत्या जगात राहतात हे तेच जाणोत.

हे सारे अंदाज आहेत, पुरावा कोठे आहे, असे विचारणारे विचारतील. त्यांची विचारणा योग्य आहे, आणि ती प्रथम परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेकडे करावयास हवी. निकालाबरोबर ती राज्यवार, प्रवर्गवार, भाषावार आकडे जाहीर करते. प्रवेशयोग्य ठरलेल्यांचा हा कितवा प्रयत्न होता, हे त्या पत्रकात नसते. ज्या एका राज्याने हा हिशेब मांडण्याचे धाडस केले ते तमिळनाडू. तेथे २००७ पासून बारावीच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश होत होते. २०१७ पासून नीट लागू झाली. तिचे परिणाम तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या अध्यक्षतेखाली २०२१ साली समिती नेमली गेली. त्या समितीच्या अहवालानुसार, २०१६-१७ मध्ये एमबीबीएसला प्रवेश मिळालेल्यांत पुन्हा प्रयत्न करणारे १२.४७ टक्के होते. २०२०-२१ मध्ये ते ७१.४२ टक्के झाले. अवघ्या चार वर्षांत! बारावी होऊन थेट वैद्यकीय महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी, जो पूर्वी नियम होता, तो अपवाद ठरला. त्याच अहवालात तमिळ माध्यमातून आलेल्यांचे प्रमाण कसे कोसळले, पहिल्या पिढीतील शिकणाऱ्यांची संख्या कशी घटली, हेही नोंदवलेले आहे. या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नाहीत. ज्या घरात पूर्वी कोणी शिकलेले नाही त्या घरात दुसरे वर्षही नसते.

तमिळनाडूने या अहवालाच्या आधारे सप्टेंबर २०२१ मध्ये नीटमधून सूट मागणारे विधेयक संमत केले. राज्यपालांनी ते परत पाठवले, विधानसभेने ते पुन्हा संमत केले, ते दिल्लीला गेले, आणि त्याला मान्यता नाकारली गेल्याचे मुख्यमंत्र्यांनी एप्रिल २०२५ मध्ये सभागृहात सांगितले. एका राज्यातील निवडून आलेल्या प्रतिनिधींनी आपल्या राज्याच्या पैशाने उभारलेल्या महाविद्यालयांत कोणाला घ्यावे हेही ठरवू नये, ही संघराज्याची कोणती कल्पना आहे, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नमूद करावयाचे की महाराष्ट्राच्या एकाही शासनाला अशी समिती नेमावी असे वाटलेले नाही. आकडा नसला की प्रश्नही नसतो, ही राज्यकारभाराची जुनी युक्ती आहे.

मात्र बारावीचे गुण हा जणू निर्मळ झरा होता आणि नीटने तो गढूळ केला, असे मानण्याचा भाबडेपणा पुरोगाम्यांनी तरी करू नये. महाराष्ट्रात बारावीच्या गुणांवर प्रवेश होत होते त्या काळातच ‘लातूर पॅटर्न’चा बोलबाला झाला. राजर्षी शाहू महाविद्यालयातील प्राध्यापकांनी सुटीतही वर्ग घेऊन, प्रश्नपत्रिकांमागून प्रश्नपत्रिका सोडवून घेऊन मराठवाड्यातील मुले गुणवत्ता यादीत आणली; तो मागास भागाने मिळवलेला सन्मान होता. त्याच सन्मानाच्या सावलीत पुढे खासगी शिकवण्यांच्या इमारती उठल्या, आणि कनिष्ठ महाविद्यालये हजेरीपटापुरती उरली. बारावीच्या गुणांसाठीही श्रेणीसुधाराची परीक्षा होतीच, आणि तीही ज्याला थांबता येई त्याच्याच कामाची होती. तेव्हा परीक्षा बदलल्याने बाजार मोडत नाही. बाजार परीक्षेवर जगत नाही. शासकीय जागा कमी आणि मागणी अफाट, या अंतरावर तो जगतो. २०१४ पूर्वी देशात एमबीबीएसच्या ५१ हजारांवर जागा होत्या, त्या दहा वर्षांत दुपटीहून अधिक झाल्या, असे केंद्र सरकार अभिमानाने सांगते. वाढलेल्या जागांतील किती जागांचे शुल्क शेतमजुराच्या मुलाला झेपणारे आहे, हे त्याच दमात सांगण्याचे धैर्य मात्र दिसत नाही.

काही सज्जनांना यावर एक सोपा उपाय सुचतो. पुन्हा अर्ज करण्यावरच मर्यादा घालावी. म्हणजे श्रीमंतालाही तीन-तीन, चार-चार प्रयत्न करता येणार नाहीत. वरवर पाहता हा समतेचा उपाय वाटतो. पण तो आय.आय.टी.च्या प्रवेशात करून झालेला आहे. तेथे जेईई अॅडव्हान्स्ड ही परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. मग तेथे शिकवणीचा बाजार आटला काय? तो आटला नाही; तो खाली सरकला. पुढे वर्ष मिळणार नसेल तर ते मागून काढावे, असा हिशेब करून पैसेवाल्या पालकांनी मुले आठवीपासून, सहावीपासून ‘फाउंडेशन’च्या वर्गांत बसवली. सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणी संस्थांनी प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्राला जानेवारी २०२४ मध्ये काढावी लागली, ती याच मुळे. गरीब मुलाला मात्र मर्यादेचा पुरेपूर फटका बसतो. त्याला अकरावीत गेल्यावर अशी परीक्षा असते हे कळते, बारावीत तिचे स्वरूप कळते, आणि ती कशी द्यावी हे कळेपर्यंत त्याचे दोन्ही प्रयत्न संपलेले असतात.

या मर्यादांकडे त्या ठरवणारे किती हलक्या मनाने पाहतात याचा नमुना नोव्हेंबर २०२४ मध्ये दिसला. पाच तारखेला जाहीर झाले की जेईई अॅडव्हान्स्ड आता तीनदा देता येईल. अठरा तारखेला जाहीर झाले की नाही, पूर्वीप्रमाणे दोनदाच. मधल्या तेरा दिवसांत पहिल्या घोषणेवर विश्वास ठेवून काही विद्यार्थ्यांनी मिळालेल्या महाविद्यालयांतून नाव काढून घेतले. त्यांना जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून दिलासा मिळाला, तो तेवढ्या तेरा दिवसांत नाव काढणाऱ्यांपुरता. विद्यार्थ्याच्या आयुष्यातले एक वर्ष म्हणजे परिपत्रकातील एक ओळ, यापलीकडे त्याला किंमत असती तर ही फिरवाफिरव झाली नसती.

थांबण्याची किंमत पैशातच मोजली पाहिजे असा सृष्टीचा नियम नाही. जर्मनीत वैद्यकीय शिक्षणाच्या बऱ्याच जागा अनेक दशके केवळ प्रतीक्षेच्या काळावर दिल्या जात होत्या. ज्याने अधिक थांबावे त्याचा हक्क मोठा, आणि थांबलेल्यांतील बरेच जण तो काळ रुग्णालयांत परिचर्येचे किंवा रुग्णवाहिकेवरचे काम शिकण्यात घालवीत. ती प्रतीक्षा पुढे सात-सात वर्षांवर गेली, तेथील घटना न्यायालयाने २०१७ च्या डिसेंबरात तिला आक्षेप घेतला, आणि ती पद्धत मोडीत निघाली. ती आदर्श होती असे कोणी म्हणणार नाही. पण नाकारल्या गेलेल्या तरुणाचे वर्ष हा शासनाच्या विचाराचा विषय असू शकतो, ते सर्वस्वी त्याच्या बापाच्या खिशावर सोडावे लागत नाही, एवढे तरी तिने दाखवून दिले होते.

आणि हे शिकण्यासाठी जर्मनीपर्यंत जाण्याची तरी काय आवश्यकता? ज्यांचे नाव लातूरच्या त्या महाविद्यालयाला आहे त्या शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारण्यास आरंभ केला, तेव्हा शाळांची दारे कायद्याने बंद नव्हती. गरीबाला दार उघडे असून भागत नाही. दाराजवळ राहण्याची आणि जेवण्याची सोय लागते, हे त्यांनी ओळखले. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तीही याच जाणिवेतून, आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला तो याच अडचणीवरचा तोडगा म्हणून. बहुजनांच्या शिक्षणाचा महाराष्ट्रातील सारा इतिहास हा वस्तुतः भाकरीच्या सोयीचा इतिहास आहे. त्याच महाराष्ट्रात आज दुसऱ्या प्रयत्नाचे वर्ष हे खासगी शिकवणीच्या हवाली करून शासन मोकळे झाले आहे. एवढेच नव्हे, त्या शिकवणीच्या शुल्कावर अठरा टक्के जीएसटी घेऊन शासन या व्यापारात भागीदारही झाले आहे!

सरकारपक्षाचे उत्तर ठरलेले आहे. बार्टी आहे, सारथी आहे, महाज्योती आहे; मोफत मार्गदर्शन आहे, टॅब आहे, इंटरनेट आहे. या योजना वाईट नाहीत, आणि त्यांचा लाभ झालेली मुलेही आहेत. परंतु टॅब हातात दिल्याने वर्ष पदरात पडत नाही. ज्या घरात एकच खोली आहे आणि सोयाबीनच्या काढणीला प्रत्येक हात लागतो, त्या घरातल्या मुलाला पडद्यावरचा धडा कितीही मोफत असला तरी तो पाहण्यासाठी लागणारे सहा तास मोफत नाहीत. शिवाय या योजनांचा भर अकरावीत पाऊल टाकणाऱ्यांवर आहे. एकदा नाकारल्या गेलेल्याने कोठे जावे, याविषयी त्या बहुतांशी मूक आहेत. ती मुकी जागाच शिकवण्यांनी काबीज केली आहे. कोट्यात विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांनंतर २०२३ च्या ऑगस्टमध्ये जिल्हा प्रशासनाला आदेश काढावा लागला, की शिकवणी संस्थांनी दोन महिने चाचण्या घेऊ नयेत. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांचे जीव वाचवण्यासाठी चाचण्या थांबवाव्या लागतात, आणि दोन महिन्यांनी त्या पुन्हा सुरू होतात, यालाच आपल्याकडे उपाययोजना म्हणतात.

महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीने या प्रश्नाकडे आजवर ‘परीक्षेचा प्रश्न’ म्हणून पाहिले. नीट हवी की नको, पेपर फुटला की नाही, फेरपरीक्षा घ्यावी की नाही. २०२४ च्या गोंधळात मोर्चे निघाले ते योग्यच होते. पंधराशे त्रेसष्ट मुलांना वाढीव गुण दिले गेले, ते काढून घेतले गेले, पैकीच्या पैकी गुण मिळवणारे सदुसष्टांवरून अखेर सतरावर आले; एवढ्या अनागोंदीवर रस्त्यावर उतरणे कर्तव्यच होते. पण पेपर न फुटता, एकही गुण इकडचा तिकडे न होता परीक्षा झाली, तरी वर उल्लेखिलेल्या शेतकऱ्याच्या मुलीचा प्रश्न तसाच राहतो. तिच्या मागण्या त्या मोर्च्यांच्या फलकांवर नव्हत्या, आणि त्या फार मोठ्या नाहीत. प्रवेश मिळालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचा कितवा प्रयत्न आहे हे महाविद्यालयवार जाहीर व्हावे. म्हणजे वर्षे कोण विकत घेतो ते तरी उघड होईल. तमिळनाडूने २०२० साली शासकीय शाळांतील मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या, तशा येथे जिल्हा परिषदेच्या शाळांतून आलेल्यांसाठी राखाव्यात. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, जेथे प्रयोगशाळा आहे आणि पगार घेणारे अध्यापक आहेत अशा अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात, पुन्हा परीक्षेला बसू इच्छिणाऱ्यांचा एक वर्षाचा विनाशुल्क वर्ग काढावा. त्या वर्गातल्या मुलामुलींना शासनाने विद्यार्थी मानावे. त्यांची नावे हजेरीपटावर असावीत, त्यांना वसतिगृहात खाट असावी, शिष्यवृत्ती असावी.

या शेवटच्या मागणीला नव्या इमारती लागत नाहीत, नवा कायदा लागत नाही. समाजकल्याण विभागाचा एक शासननिर्णय आणि परिवहन महामंडळाचे एक परिपत्रक एवढ्यात निम्मे काम होते. पुढील निकालानंतर एस.टी. आगाराच्या पासाच्या खिडकीसमोर ती मुलगी पुन्हा उभी राहील, आणि खिडकीतला कर्मचारी नियमाप्रमाणे तिच्याकडे महाविद्यालयाचे बोनाफाईड मागेल. ते तिच्या हातात देण्याची जबाबदारी मंत्रालयाची आहे. आणि निकाल लागण्यापूर्वी मंत्रालयाच्या दारात जाऊन ते मागून घेण्याची जबाबदारी विद्यार्थी संघटनांची आहे.